पासंगाचं वजन

आमच्याकडे उंदीर आला तो बिळातून नाही, काट्यातून आला.

एका धान्यवाल्याचा काउंटरवरचा वजनकाटा माझ्याकडे दुरुस्तीला होता. तक्रार अशी, की ताट रिकामं असलं तरी सुई अठरा ग्रॅमवर उभी राहते आणि मधूनच थरथरते. मी सकाळपासून त्याच्याशी डोकं फोडत होते. स्प्रिंग बदलली, सांधे पुसले, तेल दिलं. सुई अठरावर ती अठरावर. शेवटी मी त्याला तोंडाला येईल ते बोलून घेतलं, तेव्हा बाबा खाली आले. आमचं दुकान खाली आणि घर वर, त्यामुळे माझं बोलणं जिन्यातून थेट त्यांच्या खुर्चीपर्यंत जातं. त्यांनी ताट उचललं, खालच्या पोकळीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काटा बरोबर आहे. अठरा ग्रॅमचा माल आत बसलाय."

मालाचे डोळे नुकतेच उघडले होते. तो अंगठ्याएवढा होता आणि कापत होता. मी म्हटलं, बाहेर टाका. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आत बसून काटा बिघडवला होता.

"अगं, काटा खरं बोलत होता आणि तू त्याला नावं ठेवत होतीस. आता ज्याच्यामुळे तो खरा ठरला त्यालाच बाहेर टाकू?"

बाबांशी वाद घालायचा तर तो वजनमापाच्या बाहेरच्या विषयावर घालावा, आणि तसा विषय त्यांच्याकडे नाही.

त्याचं नाव त्यांनी पासंग ठेवलं. तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला काहीतरी अडकवून दांडी सरळ करतात. खडा, खिळा, तारेचा तुकडा, हाताला लागेल ते. त्याला पासंग म्हणतात. आई गेल्यापासून बाबांचं एक पारडं वर लटकलेलं होतं, हे मला दिसत होतं. त्यात उंदीर टाकावा हे मला सुचलं नसतं.

एक सांगून ठेवते, मला उंदीर आवडत नाहीत. तेव्हाही आवडत नव्हते, आजही आवडत नाहीत.

बाबांनी बेचाळीस वर्षं काटे दुरुस्त केले. मग ते दुकान माझ्याकडे आलं, पण बाबा काही दुकानातून गेले नाहीत. घरातला प्रत्येक तंटा ते काट्यावर नेतात. माझ्या लग्नाचंच घ्या. माझा नवरा बेकरीवाला. पहिल्यांदा दुकानात आला तो बेकरीचा काटा घेऊन. बाबांनी तपासला तर तो काटा प्रत्येक पावामागे चार ग्रॅम जास्त देत होता, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूने. बाबांनी त्याचं घर विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. हो म्हणून टाक." मी म्हटलं, अहो, त्याने अजून विचारलेलंच नाही! ते म्हणाले, विचारेल. त्याने विचारलं. आता तो आमच्याकडेच राहतो आणि पहाटे चारला उठून पाव भाजतो.

आणि बाबांचा उजवा तळहात. त्याची ख्याती सगळ्या बाजारात आहे. कांदा द्या, कुलूप द्या, चपलेचा एक जोड द्या, बाबा तळहातावर धरून डोळे मिटतात आणि ग्रॅम सांगतात. नंतर काट्यावर ठेवलं की एखाद-दोन ग्रॅमचा फरक निघतो. एवढं असूनही त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास नाही. "हाताला माया असते," म्हणतात. "काट्याला विचारावं."

पासंग वाढला. वर्षभरात चारशे तीस ग्रॅमचा झाला, तपकिरी पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा. बाबांच्या खिशात बसून दुकानात यायचा. धान्यवाला एकदा पुन्हा दुरुस्तीला दिलेला काटा न्यायला आला आणि याला बघून म्हणाला, माझ्या दुकानातले मी पकडून मारतो आणि तुम्ही एकाला खिशात घालून फिरता? बाबा म्हणाले, "हा तुमच्या काट्याचा साक्षीदार आहे, नीट बोला."

उंदराचं आयुष्य किती? अडीच, फार तर तीन वर्षं. दोन वर्षांनी पासंगचे मागचे पाय सुटायला लागले. चालताना मागचा भाग असा ओढत न्यायचा, जणू कुणाचं तरी सामान त्याच्या गळ्यात पडलंय. मग घरात जी धावपळ सुरू झाली तशी माझ्या लग्नातही झाली नव्हती. त्याचा पिंजरा दुमजली होता, तो बाबांनी करवतीने कापून बैठा केला. पाण्याची बाटली खाली आली. जाळीवर पाय अडकतात म्हणून अंथरायला मऊ काहीतरी हवं होतं, तर माझा बरा म्हणावा असा एकमेव स्वेटर गेला. मी शोधत होते तेव्हा बाबा म्हणाले, "तो तुला घट्टच होत होता." वजनकाट्यावर उभं न करताच सांगितलं, हे विशेष.

खाणं तर विचारूच नका. दात झिजलेत, चावत नाही, असं म्हणून नवऱ्याने त्याच्यासाठी स्वयंपाक मांडला. ओट्स दुधाशिवाय शिजवायचे, त्यात उकडलेलं अंडं कुस्करायचं, वाटाणे सोलून ठेचायचे, बिनमिठाचे. केळं अगदी नखाएवढं. दिवसातून चार वेळा, कोमट. बाबा प्रत्येक वेळी चव बघायचे. चव बघता बघता निम्मं संपायचं. उंदराच्या पथ्याने बाबांचं वजन दोन किलोने वाढलं आणि त्यांचा पोटाचा जुना त्रासही गेला. मी आपली काल रात्रीचं गरम करून खात होते.

आमच्या रस्त्याच्या टोकाला जनावरांच्या डॉक्टर आहेत. बाबा पासंगला घेऊन तिकडे गेले तेव्हा त्या एका पोपटाची चोच धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, म्हातारपण आहे. त्याला आरामात ठेवा, खाऊ घाला, वजनावर लक्ष ठेवा."

"किती वजनावर?" बाबांनी विचारलं.

"तसा काही आकडा नसतो हो."

"आकडा नसतो असं काही नसतं."

पोपट सुटायला आला होता. डॉक्टर वैतागून म्हणाल्या, "बरं, तीनशेच्या खाली गेला तर घेऊन या, मग बोलू."

मग बोलू, हे शब्द बाबांनी ऐकलेच नाहीत. घरी येऊन त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: तीनशेच्या खाली गेला की हाल करायचे नाहीत. डॉक्टरांकडे नेऊन शांतपणे सोडवायचं. खाली सही केली, माझी घेतली, जावयाची घेतली. पासंग त्या दिवशी चारशे सहा ग्रॅम होता आणि बाबांच्या बाहीत शिरून झोपला होता.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता वजन. बाबांचा पहिल्या उमेदवारीतला पितळी तराजू, त्याची लोखंडी वजनं लाकडी पेटीत. वजनांना हात लावायचा नाही, हाताचा घाम चढतो, म्हणून ती चिमट्याने उचलायची. डाव्या पारड्यात वाडगं, वाडग्यात पासंग, तोही उपाशीपोटी. उजवीकडे तेवढंच दुसरं वाडगं आणि वजनं. दांडी स्थिर झाली की बाबा आकडा मोठ्याने सांगायचे आणि वहीत लिहायचे. तीनशे ऐंशी. तीनशे चव्वेचाळीस. तीनशे वीस. आकडा सांगताना त्यांचा आवाज दर आठवड्याला थोडा थोडा खाली येत होता. रविवारी तीनशे चार. सोमवारी तीनशे एक.

"उद्या," बाबा म्हणाले. त्यांनी वही मिटली आणि त्या दिवशी ओट्सची चव बघितली नाही.

आता माझा गुन्हा.

आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट शिवी एकच, काटा मारणारा. वजनात खोट करणारा. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतून वजन बरोबर केलेलं असतं. बेइमान दुकानदार ते शिसं कोरून काढतो आणि वरून काळा रंग फासतो. हे कसं करतात ते बाबांनी मला बाराव्या वर्षी दाखवलं होतं, पुढे कुणी केलं तर पकडता यावं म्हणून. अठ्ठावीस वर्षांत मी असे कितीतरी चोर पकडले आणि त्यांना दुकानाच्या दारातच चारचौघांत सुनावलं. सोमवारी दुपारी बाबा झोपल्यावर मी पेटीतलं दोनशे ग्रॅमचं वजन खाली नेलं आणि पंधरा ग्रॅम शिसं काढलं. वजन हलकं झालं की माल भारी दिसतो. दुकानातल्या प्रमाण वजनांना मी हात लावला नसता, ती सरकारी शिक्क्याची आहेत, पण ही घरचीच होती. असं म्हणत मी बुडाला काळा रंग दिला आणि फुंकर मारून वाळवला. पंधरा ग्रॅम म्हणजे आणखी दहाएक दिवस. दहा दिवसांत बाबांच्या मनाची तयारी होईल. मला उंदराचं काही नव्हतं.

मंगळवारी सात वाजता आम्ही तिघं तराजूभोवती उभे राहिलो. बाबांनी दोनशेचं ठेवलं, शंभरचं ठेवलं. दांडी हलली नाही. वीसचं ठेवलं. दांडी हलली नाही. दहा. पाच. दोन. तेव्हा कुठे ती सरळ झाली.

"तीनशे सदतीस," बाबा म्हणाले.

मी मनात हिशेब केला. छत्तीस ग्रॅम वाढले. त्यातले पंधरा माझे. मग उरलेले एकवीस कुठून आले? एका दिवसात एकवीस ग्रॅम? पोटात पाणी झालं असणार, नाहीतर गाठ. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो पांढराफटक पडला होता. बाबांच्या कपाळावर घाम होता. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण आमच्या तिघांचे चेहरे असे होते की जणू तो मेलाच आहे. वाडग्यातला पासंग मात्र मिशा चाटत होता.

"डॉक्टरांकडे," तिघंही एकदमच म्हणालो.

दवाखान्यात नंबर लावावा लागतो. आमच्या आधी एक कुत्रा, एक कोंबडी आणि एक मांजर. मांजर इतकं जाड होतं, की त्याच्या मालकाच्या दोन्ही मांड्या पुरत नव्हत्या. दोन तास बसलो. टोपलीत अंथरलेल्या टॉवेलवर पासंगने घाबरून सगळे विधी उरकले, एकदा नाही, अनेकदा. बाबांनी सोबत वही आणली होती, वजनांची पेटीही आणली होती, कारण दुसऱ्याच्या काट्यावर ते कधी विसंबत नाहीत.

डॉक्टरांनी पासंगला त्यांच्या टेबलावरच्या विजेच्या काट्यावर ठेवलं. लाल आकडे फिरले आणि थांबले. दोनशे नव्याण्णव.

"चुकलं," बाबा म्हणाले. "तीनशे सदतीस आहे. सकाळीच मोजलंय."

"काका, हा नवीन काटा आहे."

"नवीन आहे म्हणूनच." बाबांनी पेटी उघडली, चिमट्याने दोनशेचं वजन उचललं आणि पासंगच्या जागी ठेवलं. आकडे थांबले. एकशे पंच्याऐंशी. "हे बघा!" बाबांचा आवाज बाहेर बाकापर्यंत गेला. "दोनशेला पंधरा ग्रॅम खातोय. डॉक्टर, यावर तुम्ही औषधं मोजून देता?"

"अहो, वजन बघूनच देते!"

"म्हणजे आजवर सगळ्यांना चुकीचीच दिलीत."

दार उघडंच होतं. बाहेर औषधासाठी थांबलेल्यांमध्ये एकदम कालवा झाला. कोंबडीवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. कुत्र्याचा मालक, ज्याने आधीच औषध पाजलं होतं, त्याने कुत्र्याच्या तोंडात बोटं घातली. मांजरवाला गृहस्थ आनंदाने आत आला. "म्हणजे आमचं मांजर जाड नाहीच! मी बायकोला सांगत होतो!"

"तुमचं मांजर जाड आहे, बाहेर बसा!" डॉक्टर ओरडल्या.

बाबांनी कोटाच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. "दहा मिनिटं द्या, मी तुमचा काटा बरोबर करून देतो. माझ्या वजनाला लावून देतो." आणि ते खरोखरच काट्याचं झाकण उघडायला वाकले.

माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी जनावरं उभी राहिली. आता हा काटा माझ्या कोरलेल्या वजनाला लागणार. मग या गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला चुकीचं औषध जाणार आणि त्याचं कारण मी. बाबांनी पहिला स्क्रू सैल केला.

"बाबा, थांबा. डॉक्टरांचा काटा बरोबर आहे. वजन खोटं आहे. मी काल शिसं काढलं. पंधरा ग्रॅम."

बाबा वाकलेलेच राहिले. मग हळूहळू सरळ झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वजन उलटं केलं आणि बुडाचा काळा रंग नखाने खरवडला. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता, आणि त्या क्षणी मला वाटलं, त्यांनी तो उगारला तर बरं होईल.

डॉक्टरांनी मात्र हिशेब सोडला नाही. "पंधराच? फरक अडतीसचा आहे. हे दुसरं वजन बघू." त्यांनी पेटीत हात घालून शंभरचं वजन उचललं.

"ते नको!" बाबा ओरडले आणि त्यांनी डॉक्टरांचं मनगट धरलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. कोंबडीही.

डॉक्टरांनी मनगट सोडवून घेतलं आणि वजन काट्यावर ठेवलं. अठ्ठ्याऐंशी.

मी ते वजन उचललं, उलटं केलं. बुडाचा रंग इतका सफाईदार होता की मलासुद्धा कळलं नसतं. असं काम आमच्या बाजारात एकाच माणसाचं आहे.

"बाबा, बारा ग्रॅम?"

"काल पाच वाजता तू काटा पोचवायला गेलीस तेव्हा," बाबा म्हणाले. त्यांनी खुर्ची शोधली आणि बसले.

पंधरा आणि बारा सत्तावीस. अजून अकरा राहत होते. आम्ही दोघंही धंद्यातली माणसं, आमच्या माना एकदमच नवऱ्याकडे वळल्या.

"मी वजनांना हातही लावलेला नाही," तो घाईघाईने म्हणाला. "मी फक्त बेकरीतून साडेसहाला येऊन त्याला खायला घातलं. अंडं आणि ओट्स. चांगलं पोटभर."

"उपाशीपोटी मोजायचं असतं!" आम्ही दोघं एकाच सुरात ओरडलो. शिसं कोरणारे आम्ही, आणि ओरडतोय कुणावर, तर ओट्स भरवणाऱ्यावर!

डॉक्टर खाली बसल्या. आधी मला वाटलं त्या रडताहेत, पण त्या हसत होत्या. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तुमच्या घरात उंदराला जगवायचंय की आकड्याला?"

"मला तर वाटलं, त्याच्या पोटात गाठ झाली," बाबा म्हणाले. "बारा माझे वजा केले तरी चोवीस उरत होते. उचलला तेव्हा हात म्हणत होता, काही वाढलेलं नाही. काटा म्हणत होता वाढलंय. मी आयुष्यभर काट्याचंच ऐकत आलोय."

"पण तीनशेचा नियम तुम्हीच केला होतात ना?" मी म्हटलं. रागाने म्हणायचं होतं, पण जमलं नाही.

"मी तीनशे ठरवलं तेव्हा तो चारशेचा होता गं," बाबा म्हणाले.

त्यानंतर डॉक्टरांनी जे केलं ते आमच्यापैकी कुणीही कधी केलं नव्हतं. त्यांनी पासंगचं तोंड उघडून आत पाहिलं. "दात झिजलेत हो त्याचे," नवरा म्हणाला. त्याचे पुढचे खालचे दात वाकडे वाढून टाळूला टोचत होते. "झिजलेत कसले? हे वाढलेत. त्याला गिळताना दुखतंय म्हणून तो खात नाही. मऊ दिलं तरी निम्मं सांडत असणार." निम्मं सांडत होतं खरं. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी माणूस सांडतोच. आम्ही तिघं दोन महिने त्याला ग्रॅमाग्रॅमाने मोजत होतो, आणि तोंडात डोकावायचं एकालाही सुचलं नाही. डॉक्टरांनी बारीक कात्रीने दात कापले. दोन मिनिटांचं काम. त्यांनी बोटावर केळं लावून पुढे केलं, तर पासंगने बोटासकट धरलं.

"आता ऐका, काका. त्याला मोजायचं नाही. रोज सकाळी वाडग्यावर चमचा वाजवा. तो आला म्हणजे त्याला अजून हवंय. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी माझ्याकडे या. वजन आणू नका."

दोन्ही वजनांमध्ये त्याच संध्याकाळी शिसं परत ओतलं. मी माझं, बाबांनी त्यांचं, एकाच विस्तवावर, एकमेकांशी न बोलता. प्रमाण वजनांशी ताडून पाहिली. मग बाबांनी दोन्ही पेटीत ठेवली आणि म्हणाले, "तुझा रंग फार जाड लागतो. पहिल्यांदाच पकडली गेली असतीस." आमच्यातला अबोला तिथे संपला.

वही मात्र चालू राहिली. बाबांना काहीतरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. रोज सात वाजता चमचा वाजायचा आणि तारखेपुढे आकड्याऐवजी शब्द पडायचा. "आला." "आला." "आला, उशिरा." "आला, रागात. अंड्याऐवजी वाटाणे होते." "धावत आला, म्हणजे त्याच्या मानाने." एके दिवशी "आला, पण वाट चुकून हिच्या चपलेत गेला." ही म्हणजे मी. चपलेत जे केलं ते लिहिलेलं नाही. पासंगच्या पोटावर परत थोडं मांस आलं, असं नवरा म्हणायचा. माझ्याकडे काही पुरावा नव्हता, कारण तराजू बाबांनी कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला होता.

असे अकरा आठवडे गेले. मग एका सकाळी मी खाली दुकान उघडत होते, वर चमचा वाजला. थोडा वेळ गेला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी कुलूप तसंच ठेवून वर गेले. बाबा पिंजऱ्याशी जमिनीवर बसले होते. पासंग माझ्या स्वेटरवर पडून होता, डोळे उघडे, श्वास भराभर. ओट्सचा चमचा नाकापाशी होता आणि तो त्याच्याकडे बघतही नव्हता.

मी म्हणाले, "झोपेत असेल. थोड्या वेळाने परत वाजवू."

बाबांनी वही ओढली. मला वाटलं, आज काहीतरी गोलमाल लिहितील, आणि लिहावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी लिहिलं, "आला नाही." मग सही केली, कोट घातला आणि पासंगला उचलून उजव्या तळहातावर घेतलं. टोपली घेतली नाही. नवऱ्याने बेकरी बंद केली आणि आम्ही तिघं रस्त्याने निघालो, बाबा पुढे, हात छातीशी धरून.

डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. औषध भरायला सुई हातात घेतली. "वजन बघायला लागेल, काका," त्या हळूच म्हणाल्या. "त्यावर मात्रा ठरते."

बाबांनी डोळे मिटले. हात तसाच होता, हलवला नाही.

"दोनशे एकाहत्तर," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पासंगला अलगद काट्यावर ठेवलं. लाल आकडे फिरले. दोनशे एकाहत्तर.

बाबांनी त्याला परत तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने त्याच्या कानामागे चोळत राहिले.

"काटा बरोबर आहे हो तुमचा," ते डॉक्टरांना म्हणाले.